घराबरोबर आलेली गॅसची ‘कोळशाची’ फायरप्लेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये जुनं घर घेतलं की किल्ल्यांबरोबर बरंच काही पदरात पडतं. माळ्यावर कशाला ठेवली ते न कळणारी टाकी, शेडमध्ये रंगाचे वाळलेले डबे, आणि बैठकीच्या खोलीत पितळी जाळीमागे रचलेले काळेभोर निखारे. आमचं घर १९३० च्या दशकातलं, जोडघर. आधीच्या आजींनी जाताना फायरप्लेसकडे बोट दाखवून ‘फार गोड आहे ती’ एवढंच सांगितलं. पुस्तिका नाही, सर्व्हिसचा कागद नाही. पहिल्या हिवाळ्यात मी जे जे चुकीचं करता येईल ते केलं. तेव्हापासून ओळखीत कुणी घर घेतलं की हेच प्रश्न माझ्याकडे येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी गॅसची तंत्रज्ञ नाही. कुठे स्वतः हात घालायचा नाही, हे मात्र आता पक्कं कळलंय.

हा खरा कोळसा आहे की गॅस?

खाली वाकून बघा. जाळीमागे किंवा बाजूला खटका, दांडी किंवा फिरवायचं बटण असेल आणि जमिनीतून वा भिंतीतून बारीक नळी आत जात असेल, तर तो गॅस. ‘कोळसे’ सिरॅमिकचे असतात, हातात अगदी हलके लागतात आणि जळून संपत नाहीत. (उचलून बघायची घाई करू नका, कारण पुढे येतंय.)

असं सोंग काढायची गरज का पडली, त्यामागे इतिहास आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुरकं बसलं, हजारो माणसं गेली, आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला. घरोघरचा कोळसा हळूहळू विझला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभरातली उपकरणं कोळशापासून बनवलेल्या गॅसवरून समुद्रातल्या नैसर्गिक वायूवर आणली गेली. पण धगधगत्या निखाऱ्यांसमोर बसायची सवय काही सुटेना, म्हणून हे निखारे.

माझ्याकडे कोणता प्रकार आहे, आणि त्याने फरक काय पडतो?

फरक खूप पडतो. पहिला प्रकार उघड्या टोपलीचा: चौथऱ्यावर लोखंडी टोपली, वर मोकळी चिमणी. कंपन्या त्याला ‘डेकोरेटिव्ह’ म्हणतात, आणि शब्द प्रामाणिक आहे, कारण तो शोभेसाठीच आहे. दुसरा भिंतीत बसवलेल्या पेटीचा, कडेने सील केलेला. त्याला ‘इनसेट’ म्हणतात. तिसरा समोर काच असलेला. आणि एक चौथा, फसवा: समोर साधी फायरप्लेस आणि तिच्यामागे चिमणीत लपलेला बॉयलर, ज्यावर अख्ख्या घराचं गरम पाणी चालतं. आमच्या एका मित्राने ‘ही जुनी कटकट काढून टाका’ म्हणून माणूस बोलावला, तेव्हा कुठे घराचा बॉयलर तिथे असल्याचा शोध लागला.

खालच्या बाजूला किंवा जाळीच्या आत धातूची छोटी पट्टी असते. तिच्यावर कंपनी, नमुना आणि किलोवॅट लिहिलेले असतात. तिचा फोटो काढून ठेवा. त्या नमुन्याची पुस्तिका बहुतेक वेळा इंटरनेटवर मिळते.

चालते का ते एकदा पेटवून बघू?

नको. घर महिनोन्महिने रिकामं असेल तर मुळीच नको. घर घेण्याआधीचा सर्व्हे करणारा माणूस गॅसची उपकरणं चालवून तपासत नाही. ‘फायरप्लेस आहे’ एवढीच नोंद त्याच्या अहवालात असते, आणि लोकांना वाटतं ती पास झाली. आधी तपासणी, मग काडी.

तपासायला कोणाला बोलवायचं?

गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या इंजिनिअरलाच. १ एप्रिल २००९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये हीच अधिकृत नोंदणी आहे. त्याआधी कॉर्गी होती. आधीच्या मालकांनी कॉर्गीचा कागद हातात ठेवला, तर त्यावरून फक्त तपासणी किती जुनी आहे एवढंच कळेल.

इंजिनिअर दारात आला की कार्ड मागा. मागायला संकोच वाटतो, मला वाटला होता, पण त्यांना सवय असते. पुढच्या बाजूला फोटो, क्रमांक, मुदत. नंतर कार्ड उलटं करून बघा, कारण खरी माहिती मागे असते: या माणसाला कोणत्या उपकरणांवर काम करायची परवानगी आहे ते. बॉयलर येणाऱ्या प्रत्येकाला गॅस फायर (म्हणजे ही गॅसची फायरप्लेस) येतेच असं नाही. क्रमांक गॅस सेफच्या संकेतस्थळावर टाकला की खरंखोटं लगेच समजतं.

‘आपल्यातलाच एक जण स्वस्तात करून देतो’ हा सल्ला प्रत्येक मराठी ग्रुपवर मिळतो. त्यालाही कार्डच विचारा.

तो नेमकं काय करतो? दहा मिनिटांत आटपून गेला तर?

दहा मिनिटांत आटपला तर त्याने तपासलेलं नाही. नीट तपासणीत फायर जागेवरून सुटते. मागे चिमणीच्या तळाशी पडझड साठायला खोलगट जागा ठेवलेली असते. तिथे विटांचा चुरा, चुन्याचे पापुद्रे, काटक्या, कधी मेलेला पक्षी मिळतो. आमच्याकडे दीड बादली काटक्या निघाल्या. चिमणीत चिमणीचं घरटं नव्हतं, जॅकडॉचं होतं. हा कावळ्याच्या कुळातला पक्षी वरून काटक्या टाकत राहतो, कुठेतरी एक अडकेपर्यंत. घरटं वापरात असेल तर १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार ते हलवता येत नाही, पिल्लं उडून जाईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून चिमणी शरद ऋतूत साफ करून घ्यावी आणि वर जाळीची टोपी बसवून घ्यावी. टोपीसुद्धा गॅसला चालणारीच हवी, नुसती कोंबडीजाळी कोंबायची नाही.

मग धुराची चाचणी. दारं-खिडक्या बंद करून धुराची गोळी पेटवतात आणि धूर चिमणीतून वर जातो की खोलीत परत येतो ते बघतात. फायर तापल्यावर काडीच्या धुराने तेच पुन्हा. या वेळी एक गोष्ट त्याला आठवणीने सांगा: स्वयंपाकघरातला पंखा पूर्ण जोरात लावून बघ. आपल्या घरांत हा मुद्दा कळीचा आहे. मिरच्यांची फोडणी द्यायची म्हणून आपण दणकट एक्झॉस्ट बसवतो. तो घरातली हवा इतक्या जोराने ओढतो की बंद घरात चिमणीतून हवा उलटी खाली येऊ शकते, आणि तिच्याबरोबर वर जायला निघालेला धूरही. फायरप्लेस तीस वर्षं बिनतक्रार चालली असेल, पण तेव्हा तुमचा नवा पंखा घरात नव्हता. नवा हूड बसवला, खिडक्यांना दुहेरी काच लावली, दाराखालची फट बुजवली, तर पुन्हा तपासून घ्या.

त्याने लाल लेबल लावलं आणि बंद करून गेला. पैसे काढायचा डाव आहे का?

बहुधा नाही. उपकरण तत्काळ धोकादायक वाटलं किंवा धोका संभवतो असं दिसलं, तर ते बंद करायला सांगणं आणि लेबल लावणं हे त्याचं कामच आहे. शंका असेल तर दुसऱ्या नोंदणीकृत इंजिनिअरचं मत घ्या. तोवर लेबल काढून पेटवू नका.

ज्योत पिवळी आहे. पिवळी म्हणजे वाईट ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. स्वयंपाकाच्या गॅसचा नियम आपल्या डोक्यात पक्का असतो: निळी ज्योत चांगली, पिवळी आली की बर्नर साफ करा. बॉयलर आणि स्वयंपाकाच्या शेगडीला तो लागू आहे. कोळशाच्या दिसण्याची ही फायर मात्र मुद्दाम पिवळ्या ज्योतीसाठीच बनवलेली असते. निळ्या ज्योतीत निखारे कसे दिसणार? त्यामुळे इथे रंगावरून काहीच ठरत नाही, ना चांगलं ना वाईट.

बघायचं ते बदलाकडे. गेल्या वर्षीपेक्षा ज्योत जास्त उंच, आळशी, धूसर झाली आहे का? निखाऱ्यांवर काजळी धरते आहे का? वरच्या भिंतीवर किंवा मँटलच्या (फायरप्लेसवरच्या फळीच्या) खालच्या कडेला तपकिरी-काळा डाग पसरतो आहे का? खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त दव? यातलं एक जरी दिसलं तरी बंद करा आणि फोन करा.

काही निखारे तुटलेत, काही सरकलेत. नीट रचून ठेवू का?

आमच्या सासूबाई डिसेंबरात साताऱ्याहून आल्या होत्या. गुरुवारची संध्याकाळ, मार्गशीर्ष. मी कामावरून आले तर खोलीत ऊदाचा वास आणि निखाऱ्यांवर चिकट काळे ओघळ. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. ज्या बाईने बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा आणि शेपा टाकून धुरी दिली, तिला समोर लाल निखारे दिसल्यावर ती ऊद टाकणारच. वर त्यांनी चिमट्याने निखारे ‘जरा मोकळे’ करून दिले होते.

गंमत अशी की हे निखारे दिसतात अस्ताव्यस्त, पण त्यातल्या प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पुस्तिकेत थर काढून दाखवलेले असतात: मागची रांग, मधली, पुढची, कोणता तुकडा कशावर टेकतो. ज्योतीला वर जायला वाट आणि पुरेशी हवा मिळावी म्हणून ती मांडणी असते. एखादा तुकडा ज्योतीच्या मध्ये आला की ज्वलन अर्धवट होतं, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणून जास्तीचे निखारे टाकायचे नाहीत, ‘सगळ्यांना बसतील’ असे सुट्टे पाकीट विकत आणायचे नाहीत, आणि ऊद, धूप, संत्र्याची सालं, टिश्यू, शेंगांची टरफलं यांपैकी काहीही आत टाकायचं नाही. तुटलेले निखारे त्याच नमुन्याचे मिळाले तर बदलायचे. मिळत नसतील तर फायरचं आयुष्य संपलं असं समजा.

आमच्या फायरचे निखारे त्या ऊदानंतर पूर्ण संच बदलावे लागले. सासूबाईंना किंमत सांगितलेली नाही.

साफसफाई घरी किती करायची?

चौथरा, बाहेरची चौकट, पितळी जाळी: एवढीच. तीही सगळं पूर्ण गार झाल्यावर आणि जाळी बाहेर काढून. पितळ म्हटलं की हात आपोआप पितांबरीकडे जातो, पण आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा आहे, घासलंत तर आठवड्यात लोखंड दिसेल. वर लॅकर (पारदर्शक चकचकीत थर) असेल तर ओल्या फडक्यानेच पुसा.

निखारे आणि आतली पेटी इंजिनिअरवर सोडा. जुन्या सिरॅमिक तंतूंची धूळ फुप्फुसांना घातक असते आणि त्यातले काही तंतू कर्करोगकारक मानले जातात. फार जुन्या फायरमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं. घरातला व्हॅक्यूम आत घातलात तर ती बारीक धूळ त्याच्या मागच्या बाजूने घरभर उडते. झटकायचं नाही, धुवायचं नाही.

भिंतीतल्या जाळीतून गार वारा येतो. बुजवली तर चालेल?

नाही. आमच्या जाळीत आधीच कुणीतरी वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वरून वॉलपेपर लावला होता. इंजिनिअरने बाहेरून विटांमधली जाळी पाहिली आणि आत ती का दिसत नाही म्हणून भिंत ठोकून शोधली. उघड्या टोपलीच्या फायरला साधारणपणे १०० चौरस सेंटिमीटर मोकळी, कायम उघडी राहणारी हवेची वाट लागते. ७ किलोवॅटपर्यंतच्या काही नमुन्यांना ती लागत नाही, पण ते त्या नमुन्याची पुस्तिका ठरवते, आपली थंडी नाही. जाळीसमोर सोफाही ढकलू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका खरंच इतका असतो?

आपल्याकडे थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशी बातमी अधूनमधून येते. तोच हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो, त्यामुळे हवेत थोडा असला तरी शरीरात साठत जातो.

लक्षणं फ्लूसारखी: डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, दम लागणं, गळून गेल्यासारखं वाटणं. ताप मात्र नसतो. ओळखायची खूण अशी की घरातल्या सगळ्यांना एकदम होतं, मांजरही मलूल होतं, आणि बाहेर फिरून आलं की बरं वाटतं. तसं वाटलं तर फायर बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, आणि बाहेरून ०८०० १११ ९९९ या गॅस आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा. डॉक्टरांना ‘गॅस फायर होती’ हे स्वतःहून सांगा, नाहीतर ते फ्लूच समजतील. कुणी बेशुद्ध असेल तर आधी रुग्णवाहिकेसाठी ९९९.

अलार्म कुठे लावायचा?

फायरच्याच खोलीत, तिच्यापासून आडवं अंतर एक ते तीन मीटर. छतावर लावलात तर भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर लांब; भिंतीवर लावलात तर दार-खिडकीच्या वरच्या कडेहून उंच, पण छताला चिकटून नाही, १५ सेंटिमीटर सोडून. पडद्यामागे नाही, फायरच्या डोक्यावर नाही. डब्यावर ईएन ५०२९१ हे मानक लिहिलेलं बघून घ्या. अलार्मलाही मुदत असते, ती मागे छापलेली असते. ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर शिट्टी वाजली म्हणजे शिट्टी चालू आहे एवढंच कळतं, मुदत संपलेला सेन्सर त्यातून कळत नाही. आणि अलार्म आहे म्हणून सर्व्हिस टाळणं बरोबर नाही.

पायलट (मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) पेटते आणि बटण सोडलं की विझते.

आधी बटण पुरेसा वेळ दाबून ठेवलंत का? शेजारचा सेन्सर तापायला काही सेकंद लागतात. वीसपर्यंत आकडे मोजा. तरीही विझली तर किमान तीन मिनिटं थांबून मगच पुन्हा प्रयत्न करा, म्हणजे साठलेला गॅस निघून जाईल. पुष्कळदा कारण साधं असतं: गालिच्याची लव, कुत्र्याचे केस, धूळ पायलटच्या हवेच्या बारीक भोकात अडकते. साधं असलं तरी काढायचं इंजिनिअरनेच.

मात्र चांगली पेटलेली फायर तासाभराने आपोआप विझत असेल तर पुन्हा पुन्हा पेटवत बसू नका. पुष्कळ फायरमध्ये खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडणारी सोय असते. ती तुम्हाला काहीतरी सांगते आहे.

गॅसचा वास आला तर?

काडी नाही, विजेचं बटण चालू नाही आणि बंदही नाही. खिडक्या उघडा, मीटरजवळची दांडी नळीला आडवी करा, बाहेर जाऊन वरच्याच क्रमांकावर फोन करा. आपल्याकडच्या सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत बसतो, म्हणून आई केरसुणीने दाराबाहेर लोटायला सांगायची. इथला नळाचा गॅस हवेहून हलका, तो वर जातो. खिडकीचा वरचा भागही उघडा.

ही लावली तर हीटिंगचे पैसे वाचतील?

हिशेबच करू. सरकारी ऊर्जा-गणनेत उघड्या टोपलीच्या फायरची कार्यक्षमता २० टक्के धरतात, सील केलेल्या इनसेटची ४०. ७ किलोवॅटची टोपली तासभर पूर्ण जोरात चालली की ७ युनिट गॅस; युनिटला साडेसहा पेन्स धरले तर साडेपंचेचाळीस पेन्स. त्यातली १.४ युनिट उष्णता तुमच्या वाट्याला, बाकीची लंडनच्या आकाशाला. तेवढीच उष्णता २६ पेन्स युनिटच्या विजेच्या हीटरने ३६ पेन्सांत मिळते, ९० टक्के कार्यक्षम बॉयलरने साधारण १० पेन्सांत. शिवाय चिमणी खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते. पाहुणे आले, बाहेर पाऊस आहे, चहा झालाय: त्या तासासाठी लावा. आम्ही तेवढ्यासाठीच लावतो.

वर टीव्ही लावू का? गणपती, घट, तोरण?

टीव्हीबद्दल फायरची पुस्तिका आणि टीव्हीची पुस्तिका दोन्ही बघा. मी लावला नसता. गणपतीत फायरप्लेस बंदच असते आणि मँटल मखरासाठी आयती जागा आहे, पण थर्माकोल आणि क्रेप कागद विसर्जनानंतर खरंच उतरवा. मार्गशीर्षातला घट मात्र चौथऱ्यावर मांडू नका, कारण तेव्हा थंडी असते आणि कुणीतरी फायर लावतंच. लहान मूल असेल तर भिंतीला अडकवायची जाळी घ्या.

घर भाड्याने दिलंय.

मग दरवर्षी तपासणी कायद्याने सक्तीची आहे. कागदाची प्रत भाडेकरूला २८ दिवसांत द्यायची आणि स्वतःकडे दोन वर्षं ठेवायची. त्या खोलीत कुणी झोपत असेल तर इंजिनिअरला ते आधी सांगा, नियम बदलतात. मोठं कुटुंब आलं की बैठकीच्या खोलीत गाद्या पडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. फायर तेव्हा बंद ठेवायची.

यात खरा कोळसा किंवा लाकूड जाळलं तर?

अजिबात नाही. खाली गॅसचा बर्नर आहे, आणि चिमणीत गॅससाठीचा पातळ धातूचा नळ असेल तर घन इंधनाची उष्णता त्याला सोसत नाही. शिवाय इंग्लंडमध्ये घरगुती पारंपरिक कोळसा विकायलाच १ मे २०२३ पासून बंदी आहे.

नकोच असेल तर?

इंजिनिअरकडून फायर काढून गॅसची नळी टोकाशी कायमची बंद करून घ्या, लेखी कागद घ्या. चिमणीचं तोंड सरळ विटांनी बुजवू नका. आत हवा खेळली नाही तर दोन पावसाळी हिवाळ्यांत भिंतीला ओल येते. खाली छोटी जाळी आणि वर पाऊस अडवणारी टोपी ठेवा. तात्पुरतं बंद करायला लोकरीचा बोळा किंवा फुगा मिळतो. तो लावलात तर फायरच्या बटणावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही.